एकशे एक कुरडया आणि बारा टनी जॅक

सुभद्राच्या हातच्या कुरडया गेल्या, हे सूर्यभान गावंडेंना कळलं ते एका मंगळवारी, दुपारच्या चहाच्या वेळेला.

झालं असं, की अमरावतीहून त्यांच्या मेहुणीचा, साधनाचा फोन आला. "भाऊजी, आचलच्या रुखवताच्या कुरडया मोजून ठेवा बरं. ताईनं मांगच्या उन्हाळ्यात घालून ठेवल्या होत्या. एकशे एक भरते का पाहा. कमी पडल्या तं इकडे तयार भेटते, मी आनते."

"तयार काहून? भरतीन," सूर्यभान म्हणाले आणि माळ्यावर चढले.

त्यांच्या बायकोनं, सुभद्रानं, त्या कुरडया घातल्या तेव्हा लेकीचं, आचलचं, लग्न ठरलं नव्हतं. नवरा मिळेल तेव्हा मिळेल, कुरडया तयार पाहिजेत, असा तिचा हिशेब. पुढं नवरा मिळाला, तारीख निघाली आणि पौषात सुभद्रा गेली. तिच्या साड्या सूर्यभाननं लोखंडी पेटीत भरल्या आणि पेटी माळ्यावर नेऊन ठेवली. माळ्यावर जागा नव्हती, म्हणून एका मोठ्या प्लास्टिकच्या डब्यावर ठेवली.

तोच डबा.

पेटीला खाली चार बारके पाय होते. ते झाकण फोडून आत उतरले होते आणि त्यांच्यामागोमाग पेटीही निम्मी आत गेली होती. डब्यात हात घातला तर चुरा लागला. सूर्यभाननं तळापर्यंत चाचपून पाहिलं. एकही साबूत नव्हती.

ते माळ्यावर तसेच बसून राहिले. खाली समोरच्या दारातली रुबीना वाटीभर साखर परत द्यायला आली होती. तिनं शिडीवर चढून पाहिलं. रुबीना म्हणजे त्यांच्या जुन्या सोबत्याची, अय्युबची सून. शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते, त्यामुळे कोणत्याही संकटात आधी कारण शोधायची तिला सवय.

"चाळीस किलोची तं पेटी," सूर्यभान म्हणाले. "मी एकशे सत्तर किलोच्या कापसाच्या गाठी रचल्या, रुबीना. एकीवर एक. खालची गाठ कधी फुटली नाई."

"गाठ सपाट बसते, काका. ही पेटी चार पायांवर उभी होती. वजन तेवढंच, पण ते एक रुपयाच्या चार नाण्यांएवढ्या जागेवर आलं. जागा लहान झाली की दाब वाढतो. पेटी पालथी ठेवली असती ना, तर..." इथं तिच्या लक्षात आलं की समोर विद्यार्थी नाही. "जाऊ द्या काका. मी चहा ठेवते."

पण वाक्य कानात गेलं होतं. पालथी ठेवली असती तर.

आता सूर्यभानबद्दल एक गोष्ट सांगायला पाहिजे. बत्तीस वर्षं त्यांनी अकोल्याच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये गाठी बांधायच्या प्रेसवर काढली. खोलीभर कापूस दाबून त्याची पेटीएवढी गाठ करायची, हा त्यांचा धंदा. दाबाच्या बाबतीत अख्ख्या शिवार अपार्टमेंटमध्ये आपल्याला कोणी शिकवू नये, असं त्यांना मनापासून वाटे. आणि दाबूनच त्यांनी बायकोची शेवटची वस्तू घालवली होती.

त्यांनी साधनाला फोन लावला. "एकशे एक भरल्या."

हे बोलायला दोन सेकंद लागले. ते खरं करायला बारा दिवस होते. तेराव्या दिवशी, रविवारी, आचल अमरावतीहून रुखवताचं सामान न्यायला येणार होती. तिला यातलं काही कळता कामा नये, असं त्यांनी ठरवलं आणि रुबीनालाही बजावलं. रुबीनानं फक्त सासऱ्याला सांगितलं. अय्युबनं फक्त तळमजल्यावरच्या माणिकबाईंना विचारलं, की कुरडईला गहू किती दिवस भिजवतात. त्यानंतर गुप्तता राखण्याची गरज उरली नाही. आचल तेवढी अमरावतीला होती म्हणून वाचली.

"तीन दिवस भिजवा, रोज पानी बदला," माणिकबाई म्हणाल्या. "अन् पहिले हे सांगा, साधे गहू घेतले का बन्सी?"

"बन्सी."

"मंग चार दिवस."

दुसऱ्या मजल्यावरच्या रुख्मिणीबाई म्हणाल्या की पाणी बदललं की चव जाते. माणिकबाई म्हणाल्या, त्यांच्या कुरडया तळल्यावर दोरीवानी होतात, त्यांचं ऐकू नका. दोघींमध्ये तीन दिवस बोलणं नव्हतं. गहू मात्र सगळ्यांच्या समोर निवांत भिजत होते.

सूर्यभाननं गहू भिजवले ते गच्चीवर, निळ्या उभ्या ड्रममध्ये. सुभद्रा दोन पातेल्यांत भिजवायची. पण पातेलं उपसून पाणी बदलायचं म्हणजे बाईमाणसाची पद्धत, कारखान्यातल्या माणसानं काही सोय करावी. म्हणून त्यांनी ड्रमच्या तळाशी भोक पाडून बूच बसवलं, आतून जाळी लावली, आणि पाणी काठोकाठ भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बूच ओढलं.

आंबलेल्या गव्हाच्या पाण्याला एक वास असतो. ज्यानं घेतला तो विसरत नाही. ती धार कठड्याच्या जाळीतून सरळ बाहेर गेली आणि खालच्या गॅलरीत पडली. तिथं सोसायटीचे सचिव कुलदीप वाघ कचेरीत जायला तयार होऊन, बुटाची लेस बांधायला वाकले होते.

"धार एवढी लांब जाईन असं नव्हतं वाटलं," सूर्यभान नंतर रुबीनाला म्हणाले.

"वरच्या अंगाला भोक पाडलं असतं तर पायाशी पडली असती. पाणी जेवढं खोल तेवढा त्याचा दाब जास्त, काका. धरणाची भिंत म्हणूनच खाली जाड करतात."

"हे कुलदीपले सांगशीन का?"

"मी कशाला सांगू? त्यांनी सदरा बदललाय. आता त्यांचं डोकं ठिकाणावर नाही."

संध्याकाळी दाराला नोटीस चिकटली. कुलदीप वाघ माणूस वाईट नव्हता, पण सरकारी कचेरीत तो आवक-जावकच्या टेबलावर होता आणि लिहिल्याशिवाय त्याला राग येत नसे. 'सामायिक गच्चीवर विनापरवाना धान्यप्रक्रिया करणे, दुर्गंधीयुक्त द्रवाचा विसर्ग करणे व त्यामुळे एका सभासदाच्या शासकीय कर्तव्यात अडथळा येणे याबाबत खुलासा सात दिवसांत सादर करावा.'

सात दिवसांत कुरडया वाळवायच्या होत्या. सूर्यभाननं त्याच नोटिशीच्या मागं खुलासा लिहिला: 'पाणी गव्हाचे होते. पुन्हा सांडणार नाही. मुलीचे लग्न आहे.' आणि खाली सही केली. कुलदीपनं तो 'अर्ज म्हणून दाखल' असा शेरा मारून ठेवून घेतला.

चौथ्या दिवशी गहू वाटले, चीक काढला, निवळू दिला, शिजवला. चीक शिजवणं हे काही सोपं काम नाही, पण ते सूर्यभानला जमलं. उलथनं फिरवायला ताकद लागते आणि ताकदीची त्यांना कमी नव्हती. मग सुभद्राचा पितळी सोऱ्या काढला. खाली भोकांची चकती, वर दांडीचा दट्ट्या. चीक भरला. दाबला.

काही झालं नाही.

पुन्हा दाबला. दट्ट्या बोटभर खाली गेला आणि थांबला. चकतीतून तीन धागे बाहेर आले, थोडे लोंबले आणि तिथंच राहिले. सूर्यभान ऐंशी किलोचे. सुभद्रा पंचेचाळीस किलोची होती आणि ती उन्हात बसून शंभर-शंभर घालायची, वर बोलतही असायची. हा विचार त्यांना सहन होईना. त्यांनी सोऱ्या पोटाशी धरून दाबला, भिंतीला टेकून दाबला, शेवटी जमिनीवर उभा धरून त्याच्यावर बसून पाहिलं.

माणिकबाई जिन्यात उभ्या होत्या. "स्क्रूवाला सोऱ्या भेटते ना भाऊ बाजारात. हांडल फिरोलं की झालं. पोरीसोरीही करते."

याच वाक्यानं घात केला. पोरीसोरी करतात ते यंत्र सूर्यभान गावंडे विकत आणणार नव्हता.

"अय्युब," ते समोरच्या दारात जाऊन म्हणाले, "तुह्या मेव्हण्याच्या ट्रकचा जॅक कुठी हाय?"

अय्युब त्यांच्याच प्रेसवर फिटर होता. दोघं एकाच दिवशी कामावर लागले आणि एकाच दिवशी निवृत्त झाले. त्यानं कारण विचारलं नाही. कारण ऐकल्यावरही काही विचारलं नाही. "बारा टनी हाय," तो म्हणाला. "पुरीन का?"

खरी गोष्ट अशी, की गाठीच्या प्रेसवर ज्यानं बत्तीस वर्षं काढली, त्याला जगात एकच उपाय माहीत असतो. कापूस दबत नाही? दाब वाढवा. तरी दबत नाही? आणखी वाढवा. हे तत्त्व कुरडईला लावायची कल्पना फक्त या दोघांनाच सुचू शकत होती. एकाला सुचली असती तर दुसऱ्यानं थांबवलं असतं, पण दोघांना बरोबरच सुचली.

भंगारातून अँगलची चौकट आणली. मधोमध सोऱ्या, त्याच्या दट्ट्यावर उलटा टेकवलेला जॅक. उलटा जॅक तेल ओढत नाही, हे अय्युबला दुसऱ्या दिवशी आठवलं. मग जॅक खाली, त्याच्यावर सरकत्या चौकटीत सोऱ्या, आणि वरच्या पक्क्या दांड्याला दट्ट्या अडेल अशी उलटी रचना केली. यात दोन दिवस गेले, पण अय्युब इतका खूष होता की त्याला पुन्हा पगार चालू झाल्यासारखं वाटत होतं.

"हे पाह्य," तो रुबीनाला समजावू लागला, जणू ती त्याची सून नसून नवीन लागलेला हेल्पर आहे, "इकडच्या बारक्या नळीत जरासे दांडे मारायचे. तेल दबते. तेल कोनाची बाजू घेत नाई, सगळीकडे सारखं दाबते. तिकडची नळी जाडी हाय, तं तिच्या तोंडावर तोच दाब जास्ती जागेवर बसते. म्हनून ट्रक उचलते."

"अब्बा, हे मी दर वर्षी शिकवते."

"शिकवत असशीन. दाबलं तं नाई ना कधी."

चौकट गच्चीवर चढवताना कुलदीप आडवा आला. यंत्रसामग्री. सामायिक जागा. स्लॅबवर किती भार येणार याचा दाखला कोण देणार? सूर्यभान म्हणाले, ट्रक नाही आणला, फक्त जॅक आणला. हा युक्तिवाद कुलदीपला पटला नाही. शेवटी रुबीनानं वहीच्या पानावर गणित मांडलं: चौकटीचं वजन इतकं, पायांखाली लाकडी फळी टाकली तर तेच वजन एवढ्या चौरस सेंटिमीटरवर विभागतं, म्हणजे उभ्या माणसाच्या टाचेपेक्षा कमी दाब. कुलदीपनं गणित दोनदा वाचलं, कळलं नाही असं वाटू नये म्हणून दुरुस्तीही सुचवली, आणि 'फळी ठेवण्याच्या अटीवर परवानगी' असा शेरा लिहिला.

फळी ठेवली. चौकट डुगडुगू लागली. सूर्यभाननं फळी काढली.

शुक्रवारी नवीन चीक शिजवला, कारण पहिल्याचा दगड झाला होता. सोऱ्या भरला, अय्युब जॅकच्या दांड्यावर, सूर्यभान समोर ताट घेऊन. सोऱ्या हातानं फिरवता येत नाही, तर गोल काढायला ताटच फिरवायचं, ही सुधारणा सूर्यभानची.

"मार," ते म्हणाले.

अय्युबनं दांडा मारला. एक, दोन, तीन. चकतीतून काही येईना.

"आनखी."

चार, पाच. चौकट कुरकुरली. सहाव्या दांड्याला चीक आला, पण खालून नाही. दट्ट्याच्या कडेनं, चारी बाजूंनी, वर. पांढरा कढत चीक सरळ अय्युबच्या दाढीत गेला. अय्युबनं दांडा सोडला नाही. प्रेसवरचा माणूस दांडा सोडत नाही. सातव्या दांड्याला चकती सुटली, ताट घेऊन गेली आणि ताट टाकीवर आपटलं. आठव्याला चौकटीचे दोन पाय गच्चीचा डांबरी थर फोडून खाली बसले, सगळं यंत्र कलंडलं आणि शेजारची चिकावरच्या पाण्याची बादली घेऊन पडलं.

बादलीतलं सगळं पाणी त्या दोन भोकांनी आत ओढून घेतलं. दोघं ते बघत उभे राहिले. पाणी कुठं चाललंय ते त्यांना माहीत होतं. खाली कुलदीपचं देवघर होतं.

"फळी," अय्युब दाढी पुसत म्हणाला.

"माहीत हाय."

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, अय्युबची बायको हलीमाबी चांदूर रेल्वेहून परत आली. लेकीकडे पंधरा दिवस होती, म्हणून तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती गच्चीवर आली, चौकट पाहिली, जॅक पाहिला, नवऱ्याच्या हनुवटीवरचा फोड पाहिला.

"ये क्या लगाके रखा, भाऊ?"

सूर्यभाननं सांगितलं. डबा, पेटी, साधनाला मारलेली थाप, सगळं. हलीमाबी खाली बसली. मग म्हणाली, "भाभी कुरडया एकटी नव्हती घालत, भाऊ."

"म्हंजे?"

"दाबायची मी. भाभीच्या हातात कुठी जोर होता? तुमी दोघं कामावर गेले की आमी वर यायचो. भाभी गोल फिरवायची, दट्ट्या मी दाबायची. वीस वर्षं. रमजानच्या शेवया माह्या घरच्या, त्याच्यात गोल-बिल काही नसते, पन बारीक भाभीच करायची." तिनं उजवा खांदा दाखवला. "मांगच्या साली हा धरला. तरी आचलच्या एकशे एक दाबल्या. त्याच्यानंतर हात वर होत नाई."

वीस वर्षं सूर्यभान त्या कुरडया खाऊन सुभद्राच्या मनगटाची तारीफ करत होते. सुभद्रा ऐकून घ्यायची आणि हसायची. ती काहून हसायची ते आज कळलं, आणि आता तिला विचारायची सोय नव्हती.

"अन् चीक गाळला का?" हलीमाबी म्हणाली. "कपड्यातून?"

"चाळनीतून."

"मंग भोकात कोंडा बसला ना. भोकं बंद, तं ते वर नाई तं कुठी जाईन? अन् सोऱ्या थंडाच असन. थंड्या पितळेत चीक घट्ट होते. सोऱ्या गरम पान्यात बुडवा लागते. कुठी ताकद लागते त्याले? मले लागली का कधी?"

एवढं साधं होतं. गहू रुबीनाकडे भिजत घातलेले होते. तिनं वेळप्रसंगी लागतील म्हणून चार दिवसांपूर्वी, मंगळवारीच ठेवले होते आणि कोणाला सांगितलं नव्हतं. ते वाटले, चीक दोनदा कपड्यातून गाळला, शिजवला आणि कढतच गरम सोऱ्यात भरला. फळ्या चारही पायांखाली घातल्या, दोन-दोन. अय्युबनं जॅकला एक दांडा मारला, तोही दोन बोटांनी. चकतीतून पांढरे धागे सळसळत खाली आले.

आता गोल. सूर्यभाननं ताट फिरवलं. पहिली कुरडई नकाशासारखी झाली. दुसरी बुटाच्या लेसच्या गुंत्यासारखी. तेवढ्यात कुलदीप हातात कागद घेऊन वर आला. देवघराच्या छतावर ओल आली होती आणि गणपतीवर थेंब पडत होता. त्यानं नोटीस वाचायला सुरुवात केली, पण डोळे ताटाकडे गेले.

"असं नाही फिरवत," तो म्हणाला. "बाहेरून आत यायचं. आमची आई..." त्यानं कागद खिशात घातला आणि ताट हातात घेतलं. त्याची कुरडई अशी गोल निघाली, की माणिकबाई बघतच राहिल्या. आवक-जावकच्या नोंदी ज्या अक्षरात तो करायचा, त्याच अक्षरातली कुरडई होती.

दुपारपर्यंत गच्चीवरची चादर भरत आली. दोन वाजता आचलचा फोन आला. "बाबा, रविवारी नाही, आजच येऊन राहिले. गाडीनं मूर्तिजापूर सोडलं."

मूर्तिजापूर ते अकोला म्हणजे अर्ध्या-पाऊण तासाचं काम. कुरडया ओल्या होत्या. ओली कुरडई वर्षभर जुनी आहे, असं कोणत्या तोंडानं सांगणार? अय्युब म्हणाला, पंखा लावू. रुबीना म्हणाली, खोटं बोलायचं असेल तर मी खाली जाते. सूर्यभान सोऱ्यात चीक भरत राहिले.

आचल गच्चीवर आली. पाठीवरची बॅग न उतरवताच तिनं सगळं पाहिलं: जॅक, चौकट, चादरीवरच्या कुरडया, हातात ताट घेतलेले सोसायटीचे सचिव.

"आईच्या कुरडया कुठं हायेत?"

"मोडल्या," सूर्यभान म्हणाले. "मी पेटी ठेवली डब्यावर. पायावर उभी ठेवली. चुरा झाला. मावशीले खोटं सांगतलं अन् तुलेही सांगनार होतो."

"पेटीत काय होतं?"

"तिच्या साड्या."

आचलनं बॅग उतरवली. चादरीच्या कडेला बसली. "मंग आईच्याच वजनानं गेल्या, बाबा," ती म्हणाली, आणि डोळे पुसले, आणि मग एकदम कुलदीपच्या हाताकडे बघून हसायला लागली. हलीमाबीनं तिचं डोकं डाव्या हातानं जवळ घेतलं, कारण उजवा वर होत नव्हता.

"ह्या कोणाच्या नावानं ठेवायच्या रुखवतात?" कुलदीपनं विचारलं. त्याला नोंद बरोबर लागते.

"हलीमाचाचीच्या अन् बाबांच्या," आचल म्हणाली. "जॅकचंही लिहू."

"माह्या जॅकचं," अय्युब म्हणाला.

"तुमच्या मेव्हण्याच्या," रुबीनानं दुरुस्त केलं.

पाच वाजता चीक संपला. आचलनं मोजल्या. मोडक्या, वाकड्या, नकाशासारखी ती पहिली, सगळ्या धरून त्रेसष्ट भरल्या.

लग्न एकोणीस दिवसांवर आहे. अजून अडतीस कुरडया घालायच्या आहेत, आणि त्यांचे गहू अजून आणलेले नाहीत.